वाचकांचे प्रश्न : सैन्याची हेलिकॉप्टरे कोणाच्या हाती असावीत?

मागच्या अंकात थिएटर कमांडविषयीच्या (म्हणजे एका भूभागातली तिन्ही दलांची सेना एका प्रमुखाखाली आणण्याविषयीच्या) एका प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहिले होते, की तिन्ही दलांची हेलिकॉप्टरे एका संयुक्त कमांडखाली आणणे हा स्वतंत्र आणि अवघड प्रश्न आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सगळे सदर त्यालाच द्यावे लागत आहे. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, कॅम्पात दक्षिण कमांडचे मुख्यालय आणि लोहगावला हवाई दलाचा तळ असलेल्या पुण्यात या विषयाला वाचक मिळाले, याचे नवल नाही. तरीही पत्रांमधली कळकळ वाचून बरे वाटले.

प्रश्न : लोहगावहून उडणारी सुखोई विमाने आमच्या गच्चीवरून रोज दिसतात. ती हवाई दलाची आहेत हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. मग हेलिकॉप्टरेच तेवढी तिन्ही दलांकडे वेगवेगळी का? आणि ती एकत्र आणायची म्हणजे नेमके काय करायचे? (एक वाचक, धानोरी)

उत्तर : लढाऊ विमानाला लांब धावपट्टी लागते आणि त्याची लढाई बहुतेक वेळा पायदळाच्या नजरेआड होते. त्यामुळे ते हवाई दलाच्या ताब्यात असणे कोणालाही पटते. हेलिकॉप्टर मात्र ज्याच्या कामाचे, त्याच्या दारात येऊन उभे राहते. लष्कराच्या हवाई शाखेचे मूळ तोफखान्यात आहे. गोळा कुठे पडला हे छोट्या विमानातून पाहून खाली कळवणारे अधिकारी तोफखान्याचेच असत. त्या निरीक्षण तुकड्यांमधूनच १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर हे स्वतंत्र अंग उभे राहिले. नौदलाला पाणबुडी हुडकणारे आणि हेलकावणाऱ्या डेकवर उतरणारे हेलिकॉप्टर हवे असते. आधी सी किंग आणि कामोव्ह व आता एमएच-६०आर ही हेलिकॉप्टरे त्याच कामासाठी घेतलेली आहेत. एमएच-६०आरची पहिली स्क्वाड्रन मार्च २०२४ मध्ये कोचीला दाखल झाली. मि-१७ आणि चिनूक ही मध्यम व अवजड हेलिकॉप्टरे हवाई दलाकडेच राहिली.

समुद्राचा भाग सोडला, तर आपल्याकडची वाटणी बरीचशी वजनावर झालेली आहे. हलके ते लष्कराचे आणि जड ते हवाई दलाचे, असा तिचा ढोबळ हिशेब आहे. मला ती कधीच मनापासून पटली नाही, कारण चिनूकखाली टांगून नेलेली तोफ आणि हलक्या चीता हेलिकॉप्टरमधून नेलेले रॉकेलचे कॅन एकाच आघाडीसाठी असतात.

एकत्र आणणे म्हणजे काय, हे ब्रिटनच्या उदाहरणावरून चांगले समजते. तिथे जुलै १९९८ च्या संरक्षण आढाव्यात निर्णय झाला आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘जॉइंट हेलिकॉप्टर कमांड’ सुरू झाली. हवाई दलाची चिनूक आणि प्यूमा, लष्कराची लिंक्स आणि गझेल, तसेच नौदलाच्या कमांडोंची ने-आण करणारी सी किंग, ही सारी हेलिकॉप्टरे तिच्याखाली आली. मुख्यालय विल्टन येथे, लष्कराच्या लँड कमांडच्या अधिकारात ठेवले गेले. पहिले प्रमुख म्हणून मात्र हवाई दलाचे एअर व्हाइस मार्शल डेव्हिड निव्हन यांची नेमणूक झाली. ही जोडणी विचारपूर्वक केलेली होती. जमिनीवरच्या लढाईला उपयोगी पडणारी हेलिकॉप्टरे असल्यामुळे कमांड लष्कराखाली आली, पण उड्डाण हे स्वतंत्र शास्त्र असल्यामुळे ते जाणणाऱ्याच्या हाती तिची सूत्रे दिली गेली. युद्धनौकांवरची पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरे नौदलाकडेच राहिली, कारण ती जहाजाच्या शस्त्रांचाच एक भाग असतात आणि त्यांना जहाजापासून तोडण्यात काही अर्थ नसतो. गणवेश कोणाचाही बदलला नाही. वैमानिकाची भरती आणि बढती त्याच्या मूळ दलातच होत राहिली. कोणत्या मोहिमेसाठी कोणती हेलिकॉप्टरे द्यायची, एवढे मात्र एका ठिकाणी ठरू लागले.

या अनुभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९५ मध्ये मागवलेली आठ चिनूक हेलिकॉप्टरे २००१ मध्ये ब्रिटनला मिळाली खरी, पण त्यांच्या संगणकप्रणालीला उड्डाणयोग्यतेचा दाखला मिळेना, त्यामुळे ती वर्षानुवर्षे हँगरमध्ये उभी राहिली. त्याच काळात अफगाणिस्तानात ब्रिटिश सैनिकांना हेलिकॉप्टरांची तीव्र टंचाई जाणवत होती. संयुक्त कमांड असलेल्या हेलिकॉप्टरांची वाटणी नीट करू शकते, नसलेली हेलिकॉप्टरे ती निर्माण करू शकत नाही.

प्रश्न : कर्नलसाहेब, जय हिंद. १९७१ मध्ये मेघना नदी आपल्या फौजेने हेलिकॉप्टरने ओलांडली, तेव्हा कुठे होती संयुक्त कमांड? माणसे चांगली असली की काम होते. कागदावर नवी चौकट कशाला आखायची? (निवृत्त सुभेदार, वानवडी)

उत्तर : सुभेदारसाहेब, जय हिंद. तुम्ही दिलेले उदाहरण आपल्या युद्धेतिहासातल्या अत्यंत अभिमानाच्या गोष्टींपैकी एक आहे. आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवून दिला होता, समोर मेघनेचे अफाट पात्र होते आणि ढाका पलीकडे होते. ९ डिसेंबर १९७१ पासून चौथ्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांनी हवाई दलाच्या मि-४ हेलिकॉप्टरांनी जवान पलीकडे उतरवले. हेलिकॉप्टरे हाती मोजकीच होती, पण ती खेपांवर खेपा करत राहिली. हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन चंदन सिंग त्यांच्या सोबतीला होते. दोघांनी एकत्र पाहणी केली, एकत्र ठरवले, आणि वरून कागद येण्याची वाट पाहिली नाही. चंदन सिंग यांना महावीर चक्र मिळाले.

ही जोडी जमली हे आपले भाग्य. पण जिथे ती जमली नाही, त्या प्रसंगांचाही हिशेब मांडायला हवा. ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेत जाफना विद्यापीठाच्या आवारात मि-८ हेलिकॉप्टरांनी पॅरा कमांडो आणि शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान उतरवण्यात आले. शत्रूला, म्हणजे एलटीटीई या तमीळ बंडखोर संघटनेला, आधीच सुगावा लागलेला होता. हेलिकॉप्टरे थोडी असल्यामुळे सैनिक तुकड्या-तुकड्यांनी पोहोचत होते आणि गोळीबारात हेलिकॉप्टरांचे इतके नुकसान झाले, की पुढच्या खेपा थांबवाव्या लागल्या. शीख लाइट इन्फन्ट्रीच्या उतरलेल्या तीस जवानांपैकी एकोणतीस कामी आले. लढाऊ मि-२५ हेलिकॉप्टरे श्रीलंकेत पोहोचली ती ऑक्टोबर संपता संपता. संयुक्त कमांड असती, तरी फुटलेली बातमी काही गुप्त झाली नसती, हे मान्य आहे. पण सैनिक उतरवणारी हेलिकॉप्टरे आणि त्यांना वरून संरक्षण देणारी हेलिकॉप्टरे एकाच अधिकाऱ्याच्या यादीत असती, तर दुसरीशिवाय पहिली पाठवावी का, हा प्रश्न त्या रात्रीच्या आधी कोणाला तरी विचारावाच लागला असता.

कारगिलमध्येही हाच ताण दिसला. मे १९९९ मध्ये लष्कराने लढाऊ हेलिकॉप्टरांची मागणी केली. आपली लढाऊ हेलिकॉप्टरे त्या उंचीवर काम करू शकणार नाहीत आणि हवाई शक्ती वापरण्याला राजकीय मान्यता हवी, असे हवाई दलाचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी कारणे होती. चर्चेत दिवस गेले, २६ मे रोजी हवाई मोहीम सुरू झाली, आणि २८ मे रोजी तोलोलिंगजवळ रॉकेटे बसवलेले एक मि-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पडले. त्यातले चौघेही हवाई योद्धे हुतात्मा झाले. त्यानंतर सशस्त्र मि-१७ हल्ल्याच्या कामातून मागे घेण्यात आली. कोणत्या उंचीवर कोणते हेलिकॉप्टर काय करू शकते, हे युद्धाच्या तोंडावर दोन मुख्यालयांमधल्या वादातून ठरता कामा नये. ते शांततेच्या काळातच, डोंगरात एकत्र सराव करून ठरलेले असले पाहिजे.

सरावाचे महत्त्व अमेरिकेला एप्रिल १९८० मध्ये कळले. इराणमधल्या ओलिसांच्या सुटकेसाठी आठ हेलिकॉप्टरे निघाली. ती नौदलाची होती, वैमानिक बहुतांश मरीन दलाचे, मालवाहू विमाने हवाई दलाची आणि कमांडो लष्कराचे. वाळूच्या वादळात आणि यांत्रिक बिघाडांत तीन हेलिकॉप्टरे निकामी झाली, किमान सहा लागणार होती म्हणून मोहीम रद्द झाली, आणि परतताना एक हेलिकॉप्टर विमानाला धडकून आठ जणांचे प्राण गेले. या सर्वांनी मिळून पूर्ण मोहिमेची एकही रंगीत तालीम केलेली नव्हती, हे नंतरच्या चौकशीत नोंदले गेले. माणसे तिथेही शूर आणि कुशलच होती, सुभेदारसाहेब.

प्रश्न : अपाचे हेलिकॉप्टरे हवाई दलाकडेही आहेत आणि लष्कराकडेही. एकाच हेलिकॉप्टरसाठी दोन दलांनी वेगवेगळी व्यवस्था का उभारायची? (विद्यार्थिनी, संरक्षणशास्त्र, पुणे)

उत्तर : प्रश्न नेमका आहे. हवाई दलाने २२ अपाचेंचा करार २०१५ मध्ये केला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पठाणकोटला त्यांची पहिली तुकडी दाखल झाली. रणगाडे फोडणारे हेलिकॉप्टर रणगाड्यांसोबतच लढते, तेव्हा ते आमच्याकडे हवे, असा लष्कराचा आग्रह जुना आहे. त्यातून २०२० मध्ये लष्करासाठी सहा अपाचेंचा वेगळा करार झाला आणि त्यातली पहिली तीन जुलै २०२५ मध्ये दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उतरली. सहा हेलिकॉप्टरांसाठी वेगळे तंत्रज्ञ, वेगळे भांडार आणि वेगळी प्रशिक्षण-साखळी उभारणे महागडे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही लष्कराची मूळ मागणी मला चुकीची वाटत नाही. लढाऊ हेलिकॉप्टर पायदळाच्या आणि रणगाड्यांच्या कमांडरच्या हाकेच्या अंतरावरच हवे.

स्वदेशी लढाऊ हेलिकॉप्टर ‘प्रचंड’ आल्यामुळे हा प्रश्न आता मोठा झाला आहे. मार्च २०२५ मध्ये १५६ ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरांचा करार झाला, त्यातली ९० लष्कराला आणि ६६ हवाई दलाला मिळणार आहेत. किंमत कर सोडून ६२,७०० कोटी रुपये आहे. पाच हजार मीटर उंचीवर उतरू आणि उडू शकणारे हे हेलिकॉप्टर कारगिलच्या अनुभवातूनच जन्माला आले आहे. कराराप्रमाणे पुरवठा तिसऱ्या वर्षापासून सुरू होऊन पुढच्या पाच वर्षांत पूर्ण व्हायचा आहे. म्हणजे दोन्ही दलांचे डावपेच, उड्डाणाचे नियम आणि देखभालीची पुस्तके एकच ठेवण्यासाठी सरकारच्या हाती थोडा अवधी आहे. दोन वेगळ्या पद्धती एकदा रुजल्या, की त्या मोडायला एक पिढी जाते.

प्रश्न : मी वाहन उद्योगात देखभाल विभागात काम करतो. हेलिकॉप्टरे एकत्र आणल्याने दुरुस्तीत खरोखर काही वाचेल का, की नुसते वरचे अधिकारी वाढतील? (अभियंता, चिंचवड)

उत्तर : हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण माझी सारी नोकरी दुरुस्तीत गेली. एक प्रसंग सांगतो. उत्तरेकडच्या एका तळावर आमचे एक चीता हेलिकॉप्टर एका छोट्या रबरी सीलसाठी अडून बसले होते. तेच सील धावपट्टीपलीकडे, दुसऱ्या दलाच्या भांडारात होते. मी चालत गेलो. तिथल्या भांडारपालाने फडताळातून ते काढून माझ्या तळहातावर ठेवले. मेणकागदात गुंडाळलेले, वर दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवरचा भाग क्रमांक माझ्या मागणीपत्रातल्या क्रमांकाशी अंक न् अंक जुळणारा. मग त्याने ते परत घेतले, कारण मला देण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्याची चूक काहीच नव्हती. आमची मागणी आमच्या साखळीने वर गेली, वरून त्यांच्या साखळीत शिरली आणि खाली उतरली, याला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस हेलिकॉप्टर उभे होते आणि त्याच्या वाट्याच्या खेपा दुसरे एक हेलिकॉप्टर करत होते.

लष्कराची हेलिकॉप्टरे ईएमईचे, म्हणजे लष्कराच्याच दुरुस्ती शाखेचे, तंत्रज्ञ सांभाळतात, हवाई दलाच्या मि मालिकेतील हेलिकॉप्टरांची मोठी दुरुस्ती चंडीगडच्या डेपोत होते, आणि नौदलाची व्यवस्था निराळी. हेलिकॉप्टरांचे प्रकार वेगळे असतील तिथे हे चालून जाते. पण ध्रुव हेलिकॉप्टर तिन्ही दलांकडे आणि तटरक्षक दलाकडेही आहे. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळले, तिघांचा मृत्यू झाला आणि सुमारे ३३० ध्रुव एकाच वेळी जमिनीवर आणावी लागली. मुख्य पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या स्वॉशप्लेट या भागात दोष आढळला होता. लष्कराच्या आणि हवाई दलाच्या ध्रुवना मे महिन्यात उड्डाणाची परवानगी मिळू लागली, समुद्रावर काम करणाऱ्यांना आणखी थांबावे लागले. तुमच्या कारखान्यात एकाच बनावटीची तीनशे यंत्रे चार खात्यांत वाटलेली असतील, तर बिघाडाची नोंदवही तुम्ही एकच ठेवाल. खारी हवा, डेकवरचे उतरणे, बर्फातली उंची आणि वाळवंटातली धूळ यांत एकच भाग कसकसा झिजतो, याची तुलना एका टेबलावर झाली, तर पुढचा तडा आधी दिसण्याची शक्यता वाढते. संयुक्त व्यवस्थेतून वाचणाऱ्या पैशापेक्षा मला ही गोष्ट अधिक मोलाची वाटते, कारण तिच्याशी माणसांचे प्राण बांधलेले आहेत.

अधिकारी वाढण्याची तुमची भीती खरी आहे. म्हणूनच सुरुवात वरून करू नये, असे मला ठामपणे वाटते. आज हेलिकॉप्टर उडवायला शिकवणाऱ्या आपल्या तीन वेगळ्या शाळा आहेत. हवाई दलाची हैदराबादजवळ हकिमपेटला, नौदलाची अरक्कोणमला आणि लष्कराची आपल्या नाशिकला, जिथे २००३ पासून लष्करी वैमानिक घडत आहेत. ब्रिटनने संयुक्त कमांड १९९९ मध्ये काढली, पण तिन्ही दलांच्या वैमानिकांची एकत्र शाळा शॉबरीला त्याआधीच, १९९७ मध्ये सुरू झाली होती. फ्रान्समध्येही तिन्ही दलांचे वैमानिक प्राथमिक धडे दाक्स येथे एकत्र घेतात, तिथे लष्कराची हेलिकॉप्टरे मात्र लष्कराकडेच आहेत. आधी शाळा, मग भांडार आणि नोंदवही, आणि त्यानंतर मुख्यालय, हा क्रम मला पटतो.

प्रश्न : जगात सगळेच देश याच दिशेने चालले आहेत का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : नाही. नेदरलँड्सने २००८ मध्ये नौदलासह सर्वांची हेलिकॉप्टरे एका कमांडखाली आणून ती हवाई दलाकडे सोपवली. कॅनडा आणि इस्राएल येथे जहाजावरचे हेलिकॉप्टरही हवाई दलाचेच असते. ऑस्ट्रेलियाने १९८६ मध्ये उलट निर्णय घेऊन रणभूमीवरची हेलिकॉप्टरे हवाई दलाकडून लष्कराला दिली. जर्मनीने २०१३ च्या सुमारास अवजड सीएच-५३ हवाई दलाला दिली आणि त्या बदल्यात एनएच-९० लष्कराकडे एकवटली. लहान देशाला सगळे एकत्र ठेवणे परवडते आणि सोपेही जाते. आपल्यासारख्या, दोन सीमांवर डोंगर आणि तीन बाजूंना समुद्र असलेल्या देशाने यातले कोणतेही प्रारूप जसेच्या तसे उचलू नये. नौदलाची जहाजावरची हेलिकॉप्टरे बाहेर ठेवावीत, आणि जमिनीवरच्या लढाईची हेलिकॉप्टरे, मग ती हलकी असोत वा अवजड, एका हाती यावीत.

प्रश्न : माझा मुलगा प्रबोधिनीच्या प्रवेशाची तयारी करतो आहे. त्याला हेलिकॉप्टरच चालवायचे आहे. उद्या संयुक्त कमांड झाली, तर त्याच्या दलाचे, शिस्तीचे, बढतीचे काय होईल? (एक आई, वारजे)

उत्तर : ताई, त्याचे मूळ दल कायम राहील. खडकवासल्याला तिन्ही दलांचे छात्र एकाच स्क्वाड्रनमध्ये राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात, त्यामुळे दुसऱ्या दलाच्या वरिष्ठाखाली काम करणे त्याला जड जाऊ नये. कायद्याची मोठी अडचण होती ती दूर झाली आहे. पूर्वी संयुक्त संघटनेच्या प्रमुखाला दुसऱ्या दलाच्या माणसावर शिस्तभंगाची कारवाई थेट करता येत नसे, त्याला मूळ दलाकडे पाठवावे लागे. २०२३ मध्ये संसदेने यासाठी वेगळा कायदा केला आणि तो १० मे २०२४ पासून लागू झाला. बढतीचे अहवाल मूळ दलाच्या मंडळापुढेच जावेत, पण संयुक्त नेमणुकीतल्या कामाला तिथे पूर्ण वजन मिळावे, हे मात्र सरकारने नियमांत स्पष्ट लिहायला हवे. ते नसेल, तर हुशार अधिकारी अशी नेमणूक टाळतील.

दल निवडताना त्याला एवढेच विचारा, की त्याला नेमके कुठे उडायचे आहे. रात्री डेकवर उतरायचे असेल, तर नौदल. मि-१७ किंवा चिनूक हवे असेल, तर आज तरी हवाई दल. आणि सियाचेन म्हणत असेल, तर लष्कर आणि हवाई दल दोन्हींची दारे उघडी आहेत, कारण तिथल्या चौक्यांवर दोन्ही दलांची चीता हेलिकॉप्टरे एप्रिल १९८४ मध्ये सुरू झालेल्या ऑपरेशन मेघदूतच्या काळापासून जात आली आहेत. वीस हजार फुटांच्या आसपास हवा इतकी विरळ असते, की एका खेपेत मोजके कॅनच नेता येतात. चढवण्याआधी प्रत्येक किलोचा हिशेब होतो. वर चौकीवर इंजिन बंद करायची सोय नसते, कारण त्या थंडीत ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. पाती फिरत असतानाच कॅन उतरतात, आजारी जवान आत घेतला जातो आणि हेलिकॉप्टर लगेच दरीकडे झेपावते. हे ऐकून त्याचे डोळे चमकले, तर त्याला वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीची तयारी आत्तापासून करायला सांगा. विशेषतः दृष्टी आणि पाठीचा कणा यांबाबत निकष कडक असतात.